माझ्या अभ्यासाचा बरड

आमच्या गावाच्या उत्तरेला एक लांबट टेकडी आहे. गावात तिला नुसतं बरड म्हणतात. सगळा मुरूम, मध्ये मध्ये तरोटा, पळसाची झुडपं आणि वरच्या अंगाला थोडा धावडा. जमीन वनखात्याची, पण आमच्या लहानपणी तिथं जायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. पावसाळ्यात शेताशेतांत सोयाबीन आणि तूर उभी असते, जनावराला पाय टेकवायला जागा नसते. तेव्हा गावची गुरं आणि मेंढरं बरडावरच असायची. मेंढरं म्हणजे बहुतेक आमचीच. आज्याचा कळप होता. आजा गेल्यावर वाटण्या झाल्या. माझ्या वडिलांनी शेती घेतली, थोरल्या चुलत्यांनी मेंढरं. या चुलत्यांना आम्ही सगळी पोरं आबा म्हणतो.

बारावीनंतर मला वनशास्त्राच्या पदवीला प्रवेश मिळाला. आमच्या भागात पोरी डी.एड. करतात, नर्सिंग करतात. वनशास्त्र म्हणजे काय ते घरात कुणालाच नीट कळलं नव्हतं. शेजारची एक बाई माझ्या आईला म्हणाली होती की झाडं मोजायला कॉलेज कशाला पाहिजे, अंगणातला लिंब मोज म्हणावं. आबांनी मात्र ते मनावर घेतलं. जायच्या दिवशी माझी पेटी गाडीला मागं बांधून त्यांनीच मला सेनगावच्या स्टँडवर सोडलं आणि एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगितलं की पोरगी रेंजर होणार हाय, जरा खिडकीपाशी बसू द्या तिला.

पदवी झाली, पुढं एम.एस्सी.ला मी नैसर्गिक साधनसंपत्तीचं व्यवस्थापन हा विषय घेतला. त्याच्या एका तासाला सरांनी पडद्यावर एका टेकडीचं चित्र लावलं. उघडा मुरूम, वाहून गेलेली माती, जनावरांच्या खुरांनी पडलेल्या वाटा. सर म्हणाले, ही जमीन मुळात अशी नव्हती. हिच्यावर गुडघाभर गवत होतं, झाडं होती. ती वर्षानुवर्षं खाऊन संपवली.

मी वहीत लिहायचं थांबले. बरड नापीक आहे असंच मी जन्मापासून धरून चालले होते. काळी जमीन काळी असते तसा बरड बरड असतो. तो कुणीतरी तसा केला असेल हे मनात कधी आलं नव्हतं. आणि केला कुणी, तर आज्याच्या मेंढरांनी. त्याच मेंढरांच्या लोकरीचं घोंगडं मी वसतिगृहात अंथरत होते. त्या रात्री त्याच्यावर झोपताना मला चोरी करून आणलेल्या वस्तूवर झोपल्यासारखं वाटलं. आता वाटतं, अपराधीपणाची ती पहिली खेप होती, आणि ती अगदी उलट्या बाजूनं आली होती.

संशोधनासाठी विषय ठरवायची वेळ आली तेव्हा सरांना एक खराब झालेली टेकडी हवी होती. काही भाग चराईला बंद करायचा, तिथं गवत आणि रोपं किती येतात ते बघायचं आणि उघड्या भागाशी ताडून पाहायचं. वनखात्याची तयारी होती, गाव मिळत नव्हतं. मी आमच्या बरडाचं नाव सांगितलं. सांगताना दोन गोष्टी डोक्यात होत्या. एक म्हणजे घरी राहून काम करता येईल, घरची भाकर मिळेल. दुसरी, झाडं मोजायला कॉलेज कशाला म्हणणाऱ्यांच्या दारातच काहीतरी उगवून दाखवता येईल. मेंढरांचा विचार मी केलाच नाही असं नाही. पण तो तिसरा होता.

ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली. सर आले होते, वनरक्षक होते, सरपंच होते. सरांनी चांगलं समजावून सांगितलं. गुरंवाल्यांना पटलं, कारण त्यांना गवत कापून नेता येणार होतं आणि दोन म्हशींपुरतं गवत कापणं म्हणजे काही डोंगर उचलायचा नव्हता. माझे वडील उठून बरं झालं म्हणाले. पोरीचं काम होतं, ते दुसरं काय म्हणणार. आबा पारापासून लांब, टपरीच्या सावलीत बसले होते. सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं की पावसाळ्यात मेंढरं कुठं न्यायची. सर म्हणाले, गवत कापून मेंढरांच्या वाड्यावर घाला. यावर दोनचार म्हातारे हसले. मेंढरू चालत चालत खातं, कापलेल्या गवताच्या भाऱ्यावर कळप जगत नाही, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. सर जरा गोंधळले, म्हणून मी उभी राहिले.

"आबा, दोन पावसाळे तेवढे काढा," मी म्हणाले. "मग बरड उघडायचा हाय."

"तू म्हणून राहिलीस का सर म्हणून राहिले?" आबांनी विचारलं.

"मी म्हणते."

"मंग व्हय," आबा म्हणाले आणि टोपी झटकून निघून गेले.

मी खोटं बोलले नव्हते. माझ्या अभ्यासाची मुदतच दोन पावसाळ्यांची होती. त्यानंतर बंदी उठणार असंच मी समजत होते. कागदावर काय लिहिलंय ते मी नीट विचारलं नव्हतं, इतकंच.

उन्हाळ्यात भोवतीनं चर खोदला, वर काट्याचं कुंपण केलं. सुरुवातीला अर्धा बरडच बंद करायचं ठरलं होतं, पण खालच्या अंगाला वनखात्याचं रोपवन घेतलं गेलं आणि पाहता पाहता सगळाच बंद झाला. मला तुलनेला उघडी जागा लागायची, तर सरांनी रस्त्याच्या पलीकडचा एक तुकडा धरायला सांगितला. तो तुकडा एवढासा होता की आबांचा कळप त्यावर सकाळी गेला तर दुपारी मागं वळावा लागायचा.

पहिल्या पावसाळ्यात जे झालं त्याचा आनंद मला झाला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आषाढात मी लोखंडी सळईची एक मीटरची चौकट खांद्याला अडकवून वर जायचे, ठरलेल्या जागी ती जमिनीवर टाकायचे आणि आत किती जातीचं गवत आलं ते बघायचे. आधी नुसता तरोटा आणि कुसळ. मग एका दगडाच्या आडोशाला मारवेल दिसलं. नंतर पवन्या. श्रावणात धावड्याची बोटभर रोपं, जी एरवी मेंढराच्या तोंडातून कधी सुटली नसती. मी उकिडवी बसून एकेका रोपाकडं बघत राहायचे. चौकटीतलं गवत कापून पिशवीत भरायचं, वाळवायचं, वजन करायचं. पिशव्यांनी आमची माळवदावरची खोली भरून गेली होती. आई म्हणायची, म्हशीला घाल की थोडं.

त्याच दिवसांत आबा मेंढरं घेऊन बांधाबांधानं आणि डांबरी सडकेच्या कडेनं फिरत होते. बांधावर मेंढरू गेलं की सोयाबीनमध्ये तोंड घालायचंच. रोज कुणा ना कुणाशी भांडण. ज्या माणसानं गावात कधी आवाज चढवला नव्हता, तो संध्याकाळी कुणाच्या तरी दारात उभा राहून समजूत घालत असायचा. हे मला आई जेवताना सांगायची. मी ऐकून घ्यायचे आणि दोन पावसाळे तर आहेत म्हणायचे. थोडा वेळ बरं वाटायचं.

भादव्यात एके सकाळी मी वर गेले तर कुंपण एका जागी दबलेलं होतं आणि आबांची मेंढरं आत होती. सगळा कळप नव्हता, पुढची पंधरावीस घुसली होती आणि आबा त्यांना बाहेर हाकलायला आत शिरले होते. तेवढ्यात खालून वनरक्षक आले. हे वनरक्षक दुसऱ्या जिल्ह्यातले, नवीन, वयानं माझ्याएवढेच. आबा माझे चुलते आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. ते आबांवर ओरडले. "मॅडमचा अभ्यास नासवता का तुमी?" असं म्हणाले. आबांनी माझ्याकडं बघितलं. मी काही सांगेन म्हणून ते थांबले असावेत.

मी सांगितलं. हे माझे आबा आहेत, राहू द्या, असं वनरक्षकांना म्हणाले. पण ते म्हणायच्या आधी मी आणखी एक केलं होतं. मेंढरं दिसल्या दिसल्या मी पहिल्यांदा माझ्या चौकटीच्या जागेकडं पळाले होते. तिथलं मारवेल बुडख्यापर्यंत खाल्लेलं होतं, आणि मी दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. आबांनी तेच पाहिलं. मी नंतर जे काही बोलले ते त्याच्यापुढं काहीच नव्हतं. त्यांनी मेंढरं काढली, दबलेलं कुंपण स्वतःच्या हातानं उभं केलं आणि निघून गेले. त्या दिवसापासून ते आमच्या दारात आले नाहीत. गौरीच्या जेवणाला आईनं निरोप पाठवला, तरी आले नाहीत.

आबांना दोन लेकरं. मुलगा पुण्याच्या बाजूला एका कारखान्यात. मुलगी माझ्याहून बरीच लहान, तेव्हा नववीत होती. मला अक्का म्हणायची. हुशार होती. हस्ताक्षर इतकं वळणदार की शाळेच्या फळ्यावरचा सुविचार गुरुजी तिच्याकडून लिहून घ्यायचे. मी गवताच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या लावायचे तेव्हा त्यावरची नावं तिनंच लिहून दिली होती. भादव्यानंतर तीही यायची बंद झाली. शाळेच्या वाटेवर भेटली तर हसायची आणि पुढं जायची.

पुढच्या वर्षी मृग लागायच्या आधीच आबांनी वाडा हलवला. बांधावरची भांडणं त्यांना पुन्हा एक पावसाळा सोसायची नव्हती. पैनगंगेपलीकडं त्यांच्या मेव्हण्याच्या गावी मोकळं रान होतं, तिथं पावसाळा काढायचा, आणि सोयाबीन निघाल्यावर वसमतकडं उतरायचं, असं त्यांनी ठरवलं. वसमतकडचे शेतकरी खतासाठी रिकाम्या शेतात मेंढरं बसवून घेतात. म्हणजे जवळजवळ वर्षभर घराबाहेर. मोठ्या मायचे, म्हणजे आबांच्या बायकोचे, गुडघे धरलेले, तिला एकटीला पाणी आणणं, भाकरी, कोकरं हे सगळं होणार नव्हतं. पोरगी दहावीत गेली होती. माझी आई स्वतः त्यांच्या घरी गेली आणि लेकराला आमच्याकडं ठेवा, शाळा बुडवू नका म्हणून विनवून आली. आबा म्हणाले, त्या घरात ठेवायचं न्हाई. मोठी माय रडली म्हणे.

टेम्पोत सामान भरलं तेव्हा मी बरडावर होते. वरून दिसत होतं. कोंबड्यांचा डालगा, पातेली, दोन घोंगडी, आणि मागं कळप घेऊन चालत आबा. पोरगी टेम्पोत आईशेजारी बसली होती. मी खाली उतरून जाऊ शकले असते. वाट अर्ध्या तासाचीही नाही. मी चौकट टाकून मोजत राहिले आणि त्या दिवशीचे आकडे नंतर मला पुन्हा घ्यावे लागले, कारण एकही बरोबर नव्हता.

दुसऱ्या पावसाळ्यात बरड ओळखू येईना इतका बदलला. पवन्या कमरेला लागत होता. ससे दिसायला लागले, तित्तर दिसायला लागले, खालच्या विहिरीला दिवाळीनंतरही पाणी राहिलं. गावातली माणसं गवताचे भारे नेताना मला बघून थांबायची, चांगलं केलंस म्हणायची. आमच्याही दोन म्हशींना तेच गवत होतं. ते चांगलंच होतं. आजही मला ते वाईट झालं असं म्हणता येत नाही, आणि सगळी अडचण तिथंच आहे. वाईट झालं असतं तर सरळ माफी मागून मोकळी झाले असते.

हिवाळ्यात माझी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून परीक्षक आले होते. मी पडद्यावर बरडाची दोन चित्रं शेजारी शेजारी लावली, आधीचा आणि नंतरचा. आधीच्या चित्रात उघडा मुरूम होता आणि मध्यभागी मेंढरं. मेंढरांच्या मागं पाठमोरा एक माणूस, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. तो फोटो मीच काढला होता, पहिल्या उन्हाळ्यात, आबांना हाक मारून जरा थांबा म्हणाले होते. ते हसत उभे राहिले होते, मग मी मुद्दाम पाठ फिरवायला सांगितली होती, चेहरा नको म्हणून. परीक्षक त्या चित्राकडं बोट दाखवून म्हणाले की विनाशाचं कारण आणि परिणाम एकाच चौकटीत आलेत, फार बोलका फोटो आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आभार मानले.

नंतर ते चित्र सरांनी बऱ्याच प्रशिक्षणांत दाखवलं. मी एकदा काढून टाका म्हणाले, तर त्यांना नवल वाटलं. माणूस ओळखू तर येत नाही, ते म्हणाले. सर वाईट नव्हते. मी कारण सांगितल्यावर त्यांनी ते काढलं. पण तोवर ते कुठं कुठं पोचलं होतं ते त्यांनाही सांगता येईना.

बंदी उठली नाही. मुदत संपल्यावर मी वनखात्याच्या कचेरीत विचारायला गेले, तेव्हा तिथल्या साहेबांनी माझाच अहवाल माझ्यापुढं ठेवला. दोन वर्षांत इतकी सुधारणा झाली, तर आणखी पाच वर्षांत काय होईल, ते म्हणाले. आता उघडला तर तुमचीच मेहनत पाण्यात. ते मनापासून सांगत होते. मी म्हणाले की मी गावात एकाला शब्द दिला होता. ते म्हणाले, कुणी लिहून दिलं होतं का? कुणी लिहून दिलं नव्हतं.

मार्चमध्ये मी वसमतला गेले. हिंगोलीहून एसटी, पुढं रिक्षा. स्टँडबाहेर दहावीच्या पोरी पॅड छातीशी धरून परीक्षेच्या केंद्राकडं चालल्या होत्या. त्यांच्याकडं न बघता मी रिक्षात बसले. ज्या शेतात आबांचा वाडा उतरला होता तिथं नुकतीच हळद काढलेली होती. बाजूच्या शेतात शिजवलेली हळद वाळत घातली होती आणि सगळ्या शिवाराला तिचा वास होता. मोठ्या मायनं मला बघितलं, कवटाळलं आणि चुलीवर चहा ठेवला. तक्रार नाही की काही नाही. गुडघ्यांचं विचारलं तर हायेत तसे म्हणाली.

पोरगी दोन कोकरं काखेत घेऊन आली. उंच झाली होती, उन्हानं काळवंडली होती. ओढणी कमरेला खोचलेली. मला बघून ती क्षणभर थांबली, मग कोकरं जाळीत सोडली आणि माझ्यासमोर येऊन बसली. मी येताना वाटभर जे जुळवलं होतं ते बोलायला लागले. माझ्यामुळं तुझं वर्ष गेलं, मला झोप लागत नाही, असं काहीतरी.

"अक्का, माफी मागायला आली असशील तर आबाकडं जाय," ती म्हणाली. "मला पुस्तकं पाह्यजेत. माझी जुनी उंदरांनी खाल्ली."

सतरा नंबरचा फॉर्म भरला की शाळेत न जाता बाहेरून दहावी देता येते हे तिला माहीत होतं, एका शेतकऱ्याच्या सुनेनं तिला सांगितलं होतं. कोणती पुस्तकं, कोणता विषय अडतो, हे सगळं तिनं आधीच ठरवून ठेवलेलं होतं. भूमिती अडत होती. ती बोलत होती आणि मला जाणवत होतं की मी तिच्यासाठी आले नव्हते. मी माझी झोप परत मागायला आले होते.

आबा संध्याकाळी आले. मेंढरं वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात घातली, हातपाय धुतले, बाजेवर बसले. मला बसायला त्यांनी दुसरी बाज दाखवली. वडील कसे आहेत, तूर किती झाली, एवढं विचारलं. मी म्हणाले की आबा, मी शब्द दिला होता, तो पाळता आला नाही. मी कचेरीत जाऊन आले, ते ऐकत नाहीत.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तू खोटं बोलली न्हाईस," ते म्हणाले. "सरांनी इचारलं असतं तर मी व्हय म्हणलो नसतो. तू म्हणलीस म्हणून म्हणलो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी मग मोठ्या मायला मला भाकरी वाढायला सांगितली. मी जेवले. पोरीनं माझ्या ताटात जरा जास्तच तूप सोडलं.

पुढच्या वर्षभरात मी दोन कामं केली. तोवर मला एका पाणलोटाच्या प्रकल्पावर नोकरी लागली होती, हिंगोलीतच, घरून जाऊन येऊन. रोज दुपारी मेंढरं बसायच्या वेळी पोरीचा फोन यायचा आणि मी कुठं असेन तिथून तिला भूमिती शिकवायचे. कागदाचा फोटो काढून पाठवायची, मी चूक दाखवून परत पाठवायचे. मधूनच कोकरू ओरडायचं आणि ती थांब म्हणून जायची. या फोनवर आम्ही दुसरं काहीच बोललो नाही. एकदा मी तिला विचारलं की मागच्या वर्षीच्या मैत्रिणी अकरावीत गेल्या असतील, नाही का. ती म्हणाली, त्रिकोणाचं सांग.

दुसरं काम बरडाचं. माझ्याच आकड्यांतून मला दिसत होतं की गवताचं बी पडून गेल्यावर आणि पाळीपाळीनं एकेक भाग उघडला तर गवत टिकतं. रस्त्यापलीकडच्या तुलनेच्या तुकड्यावरून एवढं सांगता येत होतं. प्रबंधात मी ते शेवटी दोन ओळींत लिहिलेलं होतं, पण शेवटच्या दोन ओळी कोण वाचतं. सरांना मी पुन्हा भेटले. त्यांनी नवीन विद्यार्थिनीला हाच विषय द्यायचं कबूल केलं, आणि त्यांच्या पत्रामुळं कचेरीत साहेबांनी ऐकून घेतलं. आता अडवलं गावानं. ज्यांना बरड बंद झाल्यावर फुकट गवत मिळत होतं त्यांना मेंढरं परत नको होती. ग्रामसभेत एकजण म्हणाला की एका माणसाच्या मेंढरांसाठी सगळ्या गावाचं गवत घालवायचं काय. माझेच शब्द मला ऐकवले जात होते. खाऊन संपवलेला बरड, विनाश, सगळं.

शेवटी माझे वडील उठले. वडील सभेत फारसे बोलत नाहीत. ते म्हणाले की मीबी या बरडाचं गवत कापून दोन म्हशी पोसल्या. त्या दोन वर्षांत माझा भाऊ गावाबाहेर राह्यला. मला गवत गोड लागलं न्हाई. एवढं बोलून ते खाली बसले. सभा लगेच वळली असं नाही, वादावादी झाली, दुसऱ्या बैठकीला गेलं, पण शेवटी बरडाचे तीन भाग करायचे आणि दरवर्षी एक मेंढरांना उघडायचा, कळप मर्यादेत ठेवायचा, असं ठरलं.

पोरगी दहावी पास झाली. गणितात फार नाही, पण झाली. त्याच पावसाळ्यात आबा परत आले. कळप निम्मा राहिला होता. निम्मा त्यांनी वसमतकडं विकला होता, कारण मर्यादेत तेवढीच बसत होती. ती मर्यादा मीच मोजून दिली होती. ते बरडावर गेले तेव्हा मी बरोबर गेले नाही. वडील गेले.

आता पोरगी अकरावीला आहे. जीपनं गोरेगावच्या कॉलेजला जाते आणि आठवड्यातले चार दिवस आमच्या घरी असते, कारण जीपचा रस्ता आमच्या घराकडून जवळ पडतो. आबा दिवाळीला आमच्याकडं जेवले. माझ्या आईशी, वडिलांशी पूर्वीसारखं बोलतात. माझ्याशी नीट बोलतात, अगदी नीट, पाहुण्याशी बोलावं तसं.

पोरीनं कला शाखा घेतली. सायन्सचं मी विचारलं तर म्हणाली की माझे मार्क बसत नाहीत. मी तिला सांगायला लागले की दोन वर्षं शाळेत राहिली असतीस तर, आणि मध्येच थांबले. तिनं वर बघितलं नाही. चार दिवसांपूर्वी ती मला म्हणाली की अक्का, तू माझ्याकडं असं बघत जाऊ नकोस, मला अभ्यास करवत न्हाई. मी म्हणाले, बरं. तेव्हापासून ती वाचत बसते त्या खोलीत मी कामाशिवाय जात नाही.